भीमाकाठची देवी आणि भास्करराय

आज ज्या पुरुषाची कथा लावली आहे, त्यांचं नाव आपल्या भागात फारसं कुणी घेत नाही. भास्करराय. आपलेच देशस्थ घराणं, आणि देवीच्या उपासनेवर एवढ्या अधिकाराने संस्कृतात लिहिणारा त्यांच्यानंतर झाला नाही, असं माझं मत आहे.

आधी माझी एक चूक कबूल करतो. तीसएक वर्षांपूर्वी इथेच करकंबात, सप्ताहातल्या कीर्तनात मी ‘तंत्र’ या शब्दावर लोकांना हसवलं होतं. लिंबू, टाचण्या, काळी बाहुली. मंडप खूप हसला. कीर्तन झाल्यावर एक आजी पाया पडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, “बुवा, मी रोज ललितासहस्रनाम म्हणते. मग मी बी त्यातलीच का हो?”

मला उत्तर देता आलं नाही. सहस्रनामाचा अर्थ तरी पाहावा म्हणून पोथी सोडली, तर टीका भास्कररायांची निघाली. तिचं नाव सौभाग्यभास्कर. 1728 च्या सुमारास लिहिलेली. भास्कर म्हणजे सूर्य, सूर्याच्या कला बारा, म्हणून टीकेचे भागही बारा.

त्यांचा काळ साधारण 1690 ते 1785 धरतात. वडील गंभीरराय विजापूर दरबारच्या पदरी होते. महाभारतावरच्या अधिकारामुळे त्यांना ‘भारती’ म्हणत. ती आदिलशाही 1686 मध्ये औरंगजेबाने बुडवली. मुलगा शिकला काशीला, नृसिंहाध्वरींजवळ. श्रीविद्येची दीक्षा मिळाली शिवदत्त शुक्लांकडून, ते सुरतेचे. दीक्षेनंतरचं नाव भासुरानंदनाथ. आणि दीक्षा घेऊन संसार सोडला का? नाही. पत्नी आनंदीबाईंनाही त्यांनी त्याच उपासनेत घेतलं. अठराव्या शतकातली गोष्ट आहे ही, बरं का!

आता या तंत्रात असतं काय? श्रीयंत्राची पूजा, पंधरा अक्षरांचा एक मंत्र, आणि मी व देवी दोन नाही हा भाव. वरिवस्यारहस्य या ग्रंथात त्यांनी त्या एका मंत्राचे पंधरा प्रकारचे अर्थ सांगितले. अर्थ न कळता केलेला जप त्यांना मान्यच नव्हता. आपण हरिपाठ म्हणताना एक डोळा घड्याळावर ठेवतो, ते आठवा.

माझ्यासारखे हसणारे काशीतही होते. परंपरेत कथा अशी सांगतात, की पंडित त्यांना अडवायला जमले. सहस्रनामात चौसष्ट कोटी योगिनींचा उल्लेख येतो. पंडित म्हणाले, सांगा त्यांची नावं! भास्करराय सांगत सुटले, लिहिणाऱ्यांचे हात थकले. तेव्हा कुंकुमानंद स्वामी म्हणाले, अरे, त्यांच्या खांद्यावर बसून देवीच बोलते आहे, तुम्ही कुणाशी वाद घालता?

पण मला त्याहून आवडते ती पुढची गोष्ट. तंजावरच्या मराठी राजाने त्यांना कावेरीकाठी गाव दिलं. ते भास्करराजपुरम. पलीकडच्या काठावर तिरुवालंगाडूला गंगाधर वाजपेयी राहत. भास्कररायांना न्यायशास्त्र शिकवणारे ते गुरू. एवढं नाव झालेला माणूस गुरूच्या समोर नदीपलीकडे येऊन राहिला! त्याच गावात आनंदीबाईंनी पुढे भास्करेश्वराचं देऊळ बांधलं.

आणि आपला संबंध काय? तुम्ही पंढरीत चंद्रभागेत बुडी मारता. ती आपली भीमाच. तेच पाणी खाली कर्नाटकात सन्नतीला जातं. तिथे काठावर चंद्रलांबा देवी आहे, आणि त्या देवळाशी भास्कररायांचं नाव जोडलेलं आहे.

दुसऱ्या वर्षी सप्ताहाला आलो तेव्हा त्या आजींच्या घरी गेलो आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मला एकटीला कशाला सांगता बुवा? हसवलं मंडपात, तर मंडपातच सांगा.”

सांगायला मला फार वर्षं लागली.