एका छपराखाली अनेक बिऱ्हाडं

परवा घरच्या सर्व्हरवर हिशोबाच्या प्रोग्रामच्या दोन प्रती डॉकरमध्ये चढवल्या. एक माझी, एक मेव्हण्याची. डेटाला फोल्डर मात्र चुकून एकच दिलं! त्याची उधारी माझ्या हिशोबात, माझा पगार त्याच्या.

तर मंडळी, हे चाळीतलं दुखणं जुनं आहे. १९७९च्या युनिक्स व्हर्जन ७ मध्ये 'सीएचरूट' आलं. प्रोसेसला एक फोल्डर दाखवायचं नि म्हणायचं, हेच तुझं जग. पण ती भिंत नव्हे, पडदा. नेटवर्क सामाईकच, आणि आतल्याकडे रूटचे अधिकार असले की तो बाहेर पडू शकतो. एका होस्टिंगवाल्याची गिऱ्हाइकं एकाच मशीनवर, पण प्रत्येकाला आपापला रूट हवा. त्यातून पॉल-हेनिंग काम्पने 'जेल' लिहिलं. २००० साली ते फ्रीबीएसडी ४.० मध्ये आलं. आपला आयपी पत्ता वेगळा, शेजाऱ्याच्या प्रोसेस दिसतच नाहीत. (नाव तुरुंगाचं, सोय भाडेकरूची!)

लिनक्सने नेमस्पेस, सीग्रुप असं एकेक करत तेच जमवलं, २०१३ मध्ये डॉकरने ते आपल्यासारख्यांच्या हाती दिलं. कर्नल मात्र आजही सगळ्यांचं एकच. आणि फोल्डर आपण सांगू तेच जोडलं जातं, त्याला काम्पही काय करणार?

असो. मेव्हण्याला माझा पगार कळलाय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.