डोंबिवलीतील दुसरा पगार

१८५४ साली आगगाडी कल्याणास पोहोचली, तरी डोंबिवली पुष्कळ वर्षे भातशेतीचे गावच राहिली. वस्ती वाढविली ती मुंबईतील जागेच्या टंचाईने. १९४७ च्या कायद्याने तेथील भाडी गोठली. नवी खोली पागडीवाचून मिळेना. मग गिरगाव-दादरच्या चाळींतील कारकून नि शिक्षक मंडळी इकडे वळली.

इतिहास सांगणारे येथून जागेच्या भावाकडे जातात. मला स्वयंपाकघराकडे पाहावेसे वाटते. घराचा हप्ता एका पगारात भागेना, तेव्हा बायका बँकांत, शाळांत, टेलिफोन खात्यात नोकरीस लागल्या. १९९२ साली मुंबई-कल्याण मार्गावर महिलांची खास लोकलही धावू लागली. पण गाडी गाठणारीच्या घरच्या पोळ्या लाटल्या कुणी? शेजारणीने, नगाच्या दराने! ती मिळकत कोणत्याही पगारपत्रकात नाही. शिरगणतीच्या वेळी नवरा 'घरकाम' सांगे, आणि तीही मान डोलावी. २०११ मध्ये कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. त्यांतल्या किती घरांत असा न लिहिलेला पगार येत असेल!

आमच्या मंडळाची सभा पूर्वी गुरुवारी दुपारी भरे. नोकरदार भगिनींसाठी ती रविवारी नेली. पोळ्यांची मागणी त्याच दिवशी अधिक, म्हणून लाटणाऱ्या भगिनींना तीही गाठता येत नाही.