कराची–मुंबई : अंतर आणि अवधी

मराठीत 'अंतर' हा शब्द मोजमापाचा आहे, तसाच दुराव्याचाही आहे. दोन गावांमध्ये अंतर असते. दोन माणसांमध्ये ते पडते. जुन्या व्यवहारात वाटेची लांबी कोसांत सांगत, परंतु प्रवास मोजला जाई तो मजलांनी. अरबी 'मंझिल'पासून आलेल्या या शब्दाने एका दिवसाची वाटचाल दर्शविली जाई. सपाटीवरची मजल लांब, घाटातली आखूड. अवधी हा केवळ लांबीवर अवलंबून नसतो, ही जाणीव त्या शब्दातच अंतर्भूत होती. विमानामुळे मात्र असा समज रूढ झाला की, सरळ रेषा मोजावी, तिला वेगाने भागावे, म्हणजे प्रवासाचा काळ निघतो. कराची आणि मुंबई या दोन बंदरांचा इतिहास या समजाला छेद देतो.

सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. त्या काळी कराची हे मुंबईच्या कारभाराचेच एक टोक होते. सिंधमधील शिक्षणखात्याचे अधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांनी सिंधीसाठी खुदाबादी लिपी प्रमाणित करण्याचा प्रयत्न केला, तोही याच संबंधातून. (लिपीच्या या प्रकरणाकडे मराठी अभ्यासकांनी जवळजवळ पाठच फिरविली आहे, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.) दोन्ही नगरांतील सरळ अंतर सुमारे ८८० किलोमीटर. परंतु मधे कच्छचे रण आणि समुद्र असल्याने आगबोटीने जावे, अथवा रेल्वेने मोठा वळसा घ्यावा, हेच दोन मार्ग होते.

१९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजची लंडनहून येणारी टपालसेवा कराचीपर्यंत पोहोचली. तेथून ते टपाल पुढे नेण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एक इंजिनाचे पस मॉथ विमान उडविले. अहमदाबादेस थांबा घेऊन, म्हणजे सुमारे १,०४० किलोमीटरचा मार्ग आक्रमून, ते त्याच दिवशी दुपारी जुहूस उतरले. सकाळी निघाल्यापासून सात तासांहून थोडा अधिक काळ लागला होता. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूची धावपट्टी म्हणजे केवळ सपाट चिखलवट भूमी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि मग विमानांना पुण्याचा आश्रय घ्यावा लागे.

पुढे जेट विमानांनी हा प्रवास दीड तासाच्या आसपास आणला. तथापि हा लाभ अखंड टिकला नाही. १९७१ ते १९७६ आणि पुन्हा २००२ ते २००४ या काळांत भारत–पाकिस्तान हवाई दळणवळण बंद होते. मुनाबाव–खोखरापार रेल्वे १९६५ च्या युद्धात तुटली, २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि २०१९ मध्ये थांबली. थेट विमानसेवाही खंडित झाली. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपापले आकाशच बंद केले.

अशा वेळी कराचीहून मुंबईस येऊ इच्छिणाऱ्याला, परवाना मिळालाच तर, दुबईवरून यावे लागते. तो मार्ग सुमारे ३,१०० किलोमीटरचा, म्हणजे सरळ रेषेच्या साडेतीनपट भरतो. आकाशातच पाच तासांच्या आसपास जातात. त्यात दुबईतील प्रतीक्षा मिळविली म्हणजे पस मॉथचे सात तास सहज मागे पडतात.