खेतवाडीतला सलीम

आमच्या आजोबांचं लहानपण गिरगावात, खेतवाडीत गेलं. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली त्यांच्याहून वयानं मोठे, ओळखदेख कधीच नव्हती. पण १८९६ साली जन्मलेला हा माणूस 'आपल्या खेतवाडीत वाढला', याचा आजोबांना कोण अभिमान! पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट मी प्रथम ऐकली ती त्यांच्या तोंडून, रात्री जेवणं आटोपल्यावर.

सलीमचे आईवडील त्याच्या लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी पोराला सांभाळलं. मामा पट्टीचे शिकारी. छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या टिपायच्या आणि हलाल करून खायच्या, हा सलीमचा खेळ. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खायला चालते का? मामांनाही पक्षी ओळखेना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. त्यांनी मानद सचिव मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन भाच्याला धाडलं.

आजोबा इथं हमखास थांबायचे. गोऱ्या साहेबाच्या दारात बिचकत उभं राहिलेलं ते पोर आम्हाला दिसावं, एवढ्यासाठी. साहेबानं पक्ष्याचं नाव सांगून बोळवण केली असती तरी चाललं असतं. त्यानं कपाटांचे खण उघडले, एकामागून एक पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. सलीम अलींच्या घडणीत मी सर्वांत वरचं माप त्या दुपारच्या सवडीला देईन.

मग कातडी काढण्याचं शिक्षण सुरू झालं. पोटावर बारीक छेद घ्यायचा, पीस न विस्कटता कातडी सोलायची, आतून सोमलाचा साबण चोळायचा, कापूस भरून टाके घालायचे. शेवटी पायाला चिठ्ठी: कुठे मिळाला, कधी, नर की मादी, कुणी टिपला. ही चिठ्ठी नसेल तर पक्षी नुसती शोभेची वस्तू. त्या काळी अभ्यास म्हणजे पक्षी मारणंच होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र संग्रहाची हौस आणि शास्त्र यांच्यातली सीमा त्या चिठ्ठीवरच आहे, असं मला ठामपणे वाटतं.

शाळेत गडी यथातथाच. मॅट्रिक कसाबसा झाला. मग ब्रह्मदेशात तवायला, घरच्यांच्या वुल्फ्रॅमच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात. पण पाय वळायचे रानाकडे. १९१७ ला मुंबईला परतल्यावर दावर कॉलेजात कायदा आणि हिशेबनिशी सुरू झाली. झेवियर कॉलेजचे फादर ब्लाटर यांनी त्याचा खरा ओढा ताडला आणि प्राणिशास्त्र शिकायला लावलं. फादर स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ, वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह उभा करणारे. त्यांना संग्राहकाचा पिंड कळणारच! सलीमच्या पदरी विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि त्यापायी झूलॉजिकल सर्व्हेतली नोकरी हुकली.

सोसायटीचं हॉर्नबिल हाउस आज मुंबईत लायन गेटसमोर आहे. घरातलं एखादं पोर पक्ष्यांमागे वेडं असेल, तर त्याला तिथं घेऊन जा. सोबत एक वही द्या, आणि दिसलेल्या प्रत्येक पक्ष्यापुढे जागा नि तारीख लिहायला लावा.