जेऊरचे खग्रास सूर्यग्रहण (१८९८) : सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना :
सोलापूर जिल्ह्याचा आधुनिक इतिहास लिहिताना कापडगिरण्या, १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे यांचा विचार प्रामुख्याने होतो व तो योग्यच आहे. तथापि याच जिल्ह्यातील जेऊर येथे २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खगोलशास्त्रीय निरीक्षणाची दखल क्वचितच घेतलेली आढळते. प्रस्तुत लेखात त्या घटनेचे व तिच्या फलिताचे महत्त्व मांडण्याचा प्रयत्न केला आहे. येथे अभिप्रेत असलेले जेऊर म्हणजे अक्कलकोट तालुक्यातील नव्हे, तर करमाळा तालुक्यातील, मुंबई-रायचूर लोहमार्गावरील जेऊर होय.

निरीक्षणाची पार्श्वभूमी :
ग्रहणाचा पट्टा कोकणातून दख्खन व वऱ्हाडमार्गे ईशान्येस गेला. विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकियर, तर वऱ्हाडातील तळणी येथे मॉन्डर दांपत्य निरीक्षणास सिद्ध होते. जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्बेल पत्नीसह आले होते. त्यांच्याजवळ ४० फूट लांबीचा कॅमेरा होता. अशी अवजड सामग्री नेण्यास लोहमार्गाजवळचे ठिकाण सोयीचे होते, हे उघड आहे. काळ मात्र कठीण होता. प्लेगने पुणे ग्रासले होते आणि रँडवर गोळी झाडली गेली त्यास नेमके सात महिने झाले होते.

नायगमवाला यांचे कार्य :
जेऊरला दुसरे पथक पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे होते. तिचे प्रमुख प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अध्यापन करीत. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या वेधशाळेत २० इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण होती. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात किरीटाची छायाचित्रे व वर्णपट घ्यावयाचे होते. नायगमवाला यांचा यासंबंधीचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका महाविद्यालयीन अध्यापकाने स्वतःच्या संस्थेच्या वतीने केलेले हे संशोधन होते, ही बाब आपणा सर्वांना विशेष विचार करावयास लावणारी आहे.

वैज्ञानिक फलित :
किरीटाच्या वर्णपटातील हिरव्या रेषेचे स्थान पूर्वी चुकीचे मानले जात असे. १८९८ च्या निरीक्षणांतून ते ५३०३ अँगस्ट्रॉमजवळ असल्याचे स्पष्ट झाले. ही रेषा 'कोरोनियम' या अज्ञात मूलद्रव्याची असावी, असा समज होता. पुढे ग्रोट्रियान व एडलेन यांनी ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची असल्याचे दाखविले. त्यावरून किरीटाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याचे सिद्ध झाले. इतका तप्त वायू क्ष-किरण उत्सर्जित करतो. त्यामुळेच सूर्य हा अवकाशातील पहिला ज्ञात क्ष-किरण स्रोत ठरला. आज ॲस्ट्रोसॅट (२०१५) सारख्या उपग्रहांनी अभ्यासिलेल्या क्षणिक क्ष-किरण स्रोतांचे शास्त्र याच परंपरेतून पुढे आले आहे.

विस्मरणाची मीमांसा :
विजयदुर्गाची स्मृती टिकली, पण ती चुकीच्या वर्षाशी जोडली गेली. लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ रोजी तेथून हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते. वस्तुतः त्या दिवशी जान्सेन गुंटूरला व जॉन हर्शेल जमखंडीस होते. लॉकियर यांनी आपले निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केले. विजयदुर्गास ते आले १८९८ मध्ये. जेऊरच्या वाट्याला मात्र अशी आख्यायिकाही आली नाही. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. संस्था संपली की तिची स्मृती जपणारेही उरत नाहीत.

निष्कर्ष :
कोडाईकनाल वेधशाळेचा वारसा सांगणाऱ्या बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने आदित्य-एल १ (२०२३) या यानावरील किरीटलेखक घडविला. सूर्यबिंब झाकून कृत्रिम ग्रहण घडविणारे हे उपकरण त्याच ५३०३ अँगस्ट्रॉमच्या रेषेचा वेध घेते. जेऊरला दोन मिनिटे मिळाली होती. आता ती रेषा दीर्घकाळ न्याहाळता येते. इतिहास व विज्ञान या विभागांनी एकत्र येऊन हे प्रकरण जिल्ह्याच्या इतिहासात समाविष्ट करणे अगत्याचे आहे. अन्यथा स्थानिक इतिहासातील ही रिकामी जागा उद्या एखादी आख्यायिका भरून काढील.