गवत थांबत नाही

वैशाखऱ्यात कल्याण-नगर रस्त्याला लागून माझं दुरुस्तीचं दुकान आहे. दसरा उलटला की माझ्याकडे गवत कापायची मशीनं येऊ लागतात. गेल्या हंगामात शेजारच्या पाड्यावरचा एक जण मशीन खांद्याला अडकवूनच आला.

"दादा, सुरू तर बरोबर होतं. रिकामं कितीही वेळ चालतं. गवतात घालून रेस दिली की फडफडतं आणि बंदच पडतं."

रिकामं चालणारं मशीन भार आला की मिसिंग मारत असेल, तर बहुतेक वेळा त्याला पेट्रोल पुरत नाही किंवा हवा तरी. आधी मी टाकीचं झाकण बघितलं. हवा आत घेण्यासाठी त्याला बारीक भोक असतं. ते बुजलं तर कार्बोरेटरला पेट्रोल ओढता येत नाही. भोक मोकळं होतं. मग तारेच्या आकड्यानं टाकीतला फिल्टर वर काढला, तो तपकिरी पडला होता. पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं, तर थोड्या वेळानं तळाशी वेगळा थर दिसायला लागला. जूनपासूनचं पेट्रोल होतं ते. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि माळशेजच्या पायथ्याला पावसाचे चार महिने ओलाव्याला काय तोटा! टाकी धुतली, फिल्टर बदलला, लिटरला २५ मिली टू-टी ऑइल घालून ताजं पेट्रोल भरलं. शेवटी एअर फिल्टर उघडला. स्पंजात कुसळं रुतून बसली होती.

कुसळ हातात घेऊन बघावं. टोकाला सुईसारखं बी आणि मागे लांब, पीळ पडलेली शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि तेवढ्या फिरण्यावर बी मातीत घुसत जातं. ते कपड्यात घुसतं, गुराच्या तोंडातही घुसतं. म्हणून गवत फुलोऱ्यात असताना, कुसळ धरायच्या आत कापावं लागतं. पाऊस उघडायला हवा आणि कुसळही धरता कामा नये, असे मधले दोन-तीन आठवडेच हातात असतात. नेमकी तेव्हाच भातकापणी. ठाणे जिल्ह्यातल्या गवताचा सगळा इतिहास या दोन-तीन आठवड्यांत अडकलेला आहे.

आमच्या डोंगरउताराच्या जमिनीला वरकस म्हणतात. तिथं नाचणी, वरी होते, बाकी गवत. गुरांना घालून, छपरावर शाकारून उरलेलं गवत राबात जायचं. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची तर पालापाचोळा, शेण आणि गवत लागतंच. माथ्यावरच्या नाणेघाटातून सातवाहनांच्या काळापासून कल्याण-जुन्नर वाहतूक चाले. घाटातलं सातवाहन राणी नागनिकेचं लेणं आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही बघायला मिळतो. लमाणांच्या बैलांचे तांडे जिथून जातात, तिथं वैरणीला किंमत असतेच.

गवत बाजारात मोठ्या प्रमाणावर गेलं ते मुंबईमुळे. रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला, १८५५ मध्ये वाशिंदला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोचली. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. विजेची ट्राम १९०७ मध्ये आली, पण घोडागाड्या आणि म्हशींचे तबेले होतेच. या जनावरांच्या दावणीला ठाणे जिल्ह्यातलं गवत जायचं. वखारीत ते दाबून गाठी बांधायच्या आणि वॅगनमध्ये भरायच्या. वरकस माळाला आता रोकड भाव होता, आणि माळ सावकार, जमीनदारांच्या हातात गेले. ज्यांचे बाप तिथं गुरं चारत, ती माणसं तिथंच मजुरीनं इळा चालवू लागली.

माझी आजी अशीच मजुरीला जायची. ती सांगायची, पहाटे दहिवरात गवत मऊ असतं, तेव्हा इळा चांगला चालतो. पण वजन संध्याकाळी, गवत सुकल्यावर व्हायचं. कापलं ओलं, मोजलं सुकं. तिला आकडे वाचता येत नसत. काटा किती दाखवतो ते मुकादम सांगेल तेच खरं.

गवताच्या या मजुरीवरूनही मोठा लढा उभा राहिला. जानेवारी १९४५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, आणि त्याच वर्षी शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगावचे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. त्यांची एक मागणी साधी आणि मोजता येण्यासारखी होती: ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. म्हणजे सुमारे २२७ किलोला. ऐन कापणीच्या दिवसांत त्यांनी इळे खाली ठेवले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. त्यातला डहाणूचा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, पण गवत आणि इळा आमचाच.

जमीनदाराकडे पैसा होता, पोलीस होते, पण गवत थांबवून धरणं त्याच्या हातात नव्हतं. माळावर कुसळं धरली की वर्षाचा माल पडेल भावानं जातो. वारल्यांना हे जमीनदाराइतकंच ठाऊक होतं, त्यांच्या संपाचं बळ त्यातच होतं.

आता इळ्याच्या जागी मशीन आलं. दोरीनं गवत उडवणारं असं यंत्र अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांनी १९७१ मध्ये काढलं. गाडी धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश बघून त्यांना ते सुचलं म्हणतात. आमच्याकडे जाड गवताला दोरीऐवजी पातं लावतात. मशीनवाल्याला मजुरी तासावर मिळते, त्यामुळे काट्याचं भांडण मिटलं. पण मशीन फडफडून अर्धा दिवस गेला तर तेवढे तास मजुरीतून कापले जातात. त्या पाड्यावरच्या माणसाचेही कापले गेले होते. मशीन मालकाचं, पेट्रोल मालकाचं, जूनपासून टाकीत ठेवलं तेही मालकानं. दिवस मात्र याचा बुडाला. आजीच्या काट्यासारखंच झालं हे.

म्हणून मशीन ज्यांच्या मालकीचं आहे त्यांना माझं सांगणं आहे. पावसाळ्यात मशीन ठेवताना टाकी रिकामी करा, उरलेलं पेट्रोल इंजिन चालवून संपवा. नवरात्राच्या आत प्लग आणि दोन्ही फिल्टर बघून घ्या. आणि मशीन बंद पडलंच, तर माळावर उभ्या असलेल्या माणसाचे ते तास कापू नका.