पट अदृश्य होतो तेव्हा

‘व्हिडिओ चेस’ हा खेळ संगणकावरील एम्युलेटरवर मी प्रथम लावला, तेव्हा तो बिघडला आहे असे समजून बंद केला होता. राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले आणि पटच नाहीसा झाला. पडद्यावर नुसते रंग बदलत राहिले. त्या रंगांमागे काय चालले होते, हे पुढे त्या यंत्राची रचना वाचताना उमगले.

अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ मध्ये टीव्हीला जोडायचे एक खेळयंत्र बाजारात आणले. पुढे ते ‘अटारी २६००’ म्हणून ओळखले गेले. चेंडू टोलवणे, रणगाड्यांची लढाई अशा खेळांसाठी ते घडवले होते. त्याची स्मृती होती अवघी १२८ बाइट. पटाच्या ६४ घरांना एकेक बाइट दिला, तरी निम्मी जागा संपते! अशा यंत्रावर १९७९ मध्ये लॅरी वॅग्नर आणि बॉब व्हाइटहेड यांनी बुद्धिबळ बसवले, तेही ४ किलोबाइटच्या काडतुसात. चालींचा विचार वॅग्नरचा, पडद्यावरचा पट व्हाइटहेडचा.

पहिली अडचण मोहऱ्यांचीच. यंत्राला एका रेषेवर दोनच आकृत्या ठाऊक. प्रत्येकीच्या फार तर तीन प्रती. म्हणजे सहा. पटाच्या रांगेत मोहरे आठ. व्हाइटहेडने एका रेषेवर चार आणि लगतच्या रेषेवर उरलेले चार रेखले. त्यामुळे मोहरे पट्ट्यापट्ट्यांचे दिसतात. पुढे हे तंत्र ‘व्हेनेशियन ब्लाइंड्स’ नावाने ओळखले गेले.

दुसरी अडचण वेळेची. या यंत्रात संपूर्ण चित्र साठवायला जागाच नव्हती. टीव्हीचा किरण पडद्यावर धावत असताना प्रोसेसरने रेषेमागून रेष पुरवायची. चित्र काढण्यातच त्याचा बहुतेक वेळ जाई. मग चालीचा विचार कधी करायचा? म्हणून विचार करताना तो चित्र काढणेच थांबवतो. सर्वांत अवघड पातळीवर एका चालीला तो तब्बल दहा तास घेऊ शकतो. मी ज्याला बिघाड समजलो, तो वॅग्नरच्या भागाचा कामाचा वेळ होता.

त्या काळी अटारीच्या खेळांवर ते लिहिणाऱ्यांची नावे छापत नसत. श्रेय आणि मोबदला या प्रश्नांवरून व्हाइटहेडसह काही प्रोग्रामर १९७९ मध्येच बाहेर पडले. त्यांनी उभारलेल्या ॲक्टिव्हिजनने खेळांवर कर्त्यांची नावे दिली. ‘व्हिडिओ चेस’ मात्र निनावीच घरोघर गेला.

हे वाचून मी तो पुन्हा लावला. तेच प्यादे, तीच दोन घरे. पट गेला, रंग फिरू लागले. या वेळी मी थांबलो.